येत्या उन्हाळ्यात

एव्हारिस्तोने पट्टा काढून तबकात ठेवला आणि पँट खाली येऊ नये म्हणून ती दोन्ही मुठींनी धरून तो कोर्टाच्या दारातल्या तपासणीच्या चौकटीतून पलीकडे गेला. चौकट तरीही किंचाळली.

"खिशात आणखी काय आहे, आजोबा?" पहारेकऱ्याने पोर्तुगीजमध्ये विचारलं. अमेरिकेतल्या या फॉल रिव्हर गावात पोर्तुगीजच इतके, की कोर्टात पहारेकरीसुद्धा आपल्यातलाच निघतो.

एव्हारिस्तोने खिशातून घडीचा चाकू काढून त्याच्या हातावर ठेवला.

लिओनिल्दाने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! पोराची केस मारामारीची, आणि बाप कोर्टात येतो चाकू घेऊन!"

"संत्री सोलायचा आहे तो," एव्हारिस्तो म्हणाला.

"संत्री सोलायचा म्हणे. आता न्यायाधीशीणबाईंना संत्रं सोलून देणार होतास का? चल, पट्टा घाल आधी."

पहारेकरी हसला, चाकू त्याने खणात टाकला आणि जाताना आठवणीने मागून घ्या म्हणून सांगितलं. त्यांचा मुलगा नॉर्बर्तो पुढे जिन्याशी उभा होता. घरात सगळे त्याला बर्तो म्हणत. अंगात लग्नातला कोट, आता पोटावर बटण न लागणारा. तो मात्र हसला नाही. गेल्या हिवाळ्यापासून तो कशालाच फारसा हसत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात बर्तो ग्रीन कार्डाचं नूतनीकरण करायला गेला. फोटो, बोटांचे ठसे, झालं की घरी, एवढंच काम. पण खिडकीतल्या माणसाने संगणकाच्या पडद्याकडे बघितलं, उठून आत गेला, आणि परत आला तो साहेबाला घेऊन. विशीच्या आतबाहेर असताना चर्चच्या जत्रेबाहेर एका मुलीवरून बर्तोची मारामारी झाली होती. दुसरा पोरगा खाली पडला आणि बर्तोने त्याला एक लाथ घातली. एकच. पण पायात बूट होता, आणि इथल्या कायद्याच्या लेखी बुटासकट मारलेली लाथ म्हणजे शस्त्र. त्या वेळच्या वकिलाने तडजोड करून दिली होती: गुन्हा कबूल कर, एक वर्षाची शिक्षा, तीही स्थगित, तुरुंगाचं तोंड बघायला नको, आज रात्री घरी जेवायला. बर्तो घरी जेवला. त्यानंतर त्याने लग्न केलं, घरोघरी हीटर दुरुस्त करायचा धंदा उभा केला, दोन मुली झाल्या. ती न भोगलेली शिक्षा भोगल्यासारखीच मोजतात आणि तेवढ्यावर माणसाला देशाबाहेर काढतात, हे त्याला त्या खिडकीशी उभं असताना कळलं.

बाहेर म्हणजे कुठे, तर साव मिगेलला. भर समुद्रातलं ते पोर्तुगालचं बेट बर्तोने तीन वर्षांचा असताना सोडलं होतं. तिथे तो जेवण मागू शकला असता, रस्ता विचारू शकला असता. त्याच्यापलीकडे त्याची पोर्तुगीज जात नव्हती. त्याच्या मुलींना तर तेवढीही येत नव्हती.

वरच्या मजल्यावर वकीलबाई वाट बघत होत्या. पेलेटिए आडनावाच्या, तरुण, केस विंचरायला वेळ न मिळालेल्या. त्यांनी एव्हारिस्तोला बाकावर बसवलं आणि लिओनिल्दाला भाषांतर करायला लावून पुन्हा एकदा सगळं समजावलं. जुना निकाल रद्द झाला तर हद्दपारीचं कारणच उरत नाही. रद्द व्हायला दोन गोष्टी दाखवायच्या. एक, तेव्हाच्या वकिलाने सांगितलं नव्हतं की कबुली दिलीस तर देश सोडावा लागेल. दुसरी, सांगितलं असतं तर पोराने कबुली दिलीच नसती, तो खटला लढला असता.

"पहिली सोपी आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हाचे वकील, फुर्तादो, स्वतःच सांगणार आहेत. दुसरीवर सगळं अडलंय. तिथे तुमची साक्ष. फक्त खरं सांगा."

"मी कधी खोटं बोललोय?" एव्हारिस्तो म्हणाला.

"आणि एक. फुर्तादो बोलत असताना तुम्ही बाहेर थांबायचं. साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते. आत काय झालं ते याला कोणी सांगायचंही नाही." हे त्यांनी लिओनिल्दाकडे बघून म्हटलं. लिओनिल्दाने मान हलवली. तिने त्याच्या टायची गाठ सैल केली, पुन्हा घट्ट केली आणि बर्तोबरोबर आत गेली.

आर्थर फुर्तादो फार म्हातारा झाला होता. साक्षीच्या चौथऱ्यावर चढताना त्याने कठड्याला दोन्ही हात लावले. पूर्वी जत्रेत पवित्र आत्म्याच्या मिरवणुकीत हा माणूस सगळ्यांत पुढे ध्वज घेऊन चालायचा. जत्रेतल्या सूप-पावाच्या पंगतीला लिओनिल्दाच्या शेजारीच बसायचा. लिओनिल्दा पडद्यांच्या कारखान्यात आयुष्यभर शिवणयंत्रावर बसली होती. इंग्रजी बोलायची वेळ आली की तिची जीभ अडायची, पण समोरचा बोललेला शब्द न् शब्द तिला कळायचा.

"मी हद्दपारीबद्दल त्याला काही सांगितलं नाही," फुर्तादो म्हणाला. "माझी चूक."

पेलेटिए बाई बसल्या. सरकारी वकील उठला. उंच, सभ्य, आवाज न चढवणारा.

"तुम्ही अनुभवी वकील होता. मग का नाही सांगितलं?"

फुर्तादोने प्रेक्षकांत बसलेल्या लिओनिल्दाकडे बघितलं आणि नजर खाली घेतली.

"विचारलं होतं मी. मुलाला नाही, बापाला. बाहेर याच व्हरांड्यात. म्हटलं, एव्हारिस्तो, पोरगा नागरिक नाही, त्याची काही अडचण होईल का? तो म्हणाला, अडचण कसली? येत्या उन्हाळ्यात आम्ही सगळेच परत चाललोय."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?"

"आमच्यात सगळेच म्हणतात, साहेब. माझा बापसुद्धा म्हणायचा. पण एव्हारिस्तो गावी घर बांधत होता. घर बांधणाऱ्या माणसावर आम्ही विश्वास ठेवतो."

"म्हणजे या कुटुंबाला त्या देशात परत जाणं ही शिक्षा वाटतच नव्हती."

"हरकत आहे," पेलेटिए बाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता. न्यायाधीशीणबाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग दहा मिनिटांची सुट्टी जाहीर केली.

बर्तो हलला नाही. "आई," तो पुटपुटला, "संपलं बघ."

लिओनिल्दा उठून बाहेर आली. एव्हारिस्तो बाकावर तसाच बसला होता, हात गुडघ्यांवर, टाय सरळ. आता हा आत जाणार, आणि ते विचारणार, गावी परत जायचं होतं का? आणि हा छाती पुढे काढून तेच सांगणार, जे तो क्लबात ग्लास वर करून सांगायचा, लग्नात सांगायचा, दफनातसुद्धा सांगायचा. येत्या उन्हाळ्यात. खरंच तर सांगायला सांगितलंय त्याला.

आणि खरं तेच होतं. तिच्याइतकं ते कोणाला ठाऊक होतं? त्या घराच्या वरच्या मजल्याच्या प्रत्येक खिडकीचं माप तिच्याकडे होतं. कारखान्यात उरलेल्या चांगल्या कापडाचे तिने पडदे शिवून ठेवले होते, झालरीसकट. सासूच्या मयताला गेली तेव्हा मजला उघडाच होता, भिंतींना नुसती भोकं, आतून कबुतरं उडालेली. सुतार आळशी आहे, असं दीर म्हणाला होता. तिने पडदे परत आणले आणि कपाटात ठेवले.

चर्चमध्ये नागरिकत्वाचे वर्ग चालायचे तेव्हा शेजारची अल्झिरा जिन्यात उभी राहून हाका मारायची. "चल ग, तुम्ही दोघं झालात की पोरगा आपोआप होईल." किती सोपं होतं ते! बर्तो तेव्हा शाळेत होता. दोघांनी जाऊन नागरिकत्वाच्या शपथेला हात वर केला असता की पोरावर पुढे कोणी बोट ठेवू शकलं नसतं. एव्हारिस्तो म्हणाला होता, कशाला, आपण तर निघालोच. आणि तिला ते ऐकून बरं वाटलं होतं. हेच आता तिला खात होतं. बरं वाटलं होतं तिला.

"काय म्हणाला फुर्तादो?" एव्हारिस्तोने विचारलं.

तिच्या ओठावर आलं होतं. सांगू का? नुसतं एवढंच, की घराचं काही बोलू नकोस. दोन शब्द. पण पेलेटिए बाई पाण्याच्या यंत्राशी उभ्या होत्या आणि तिच्याचकडे बघत होत्या.

"काय म्हणणार," ती म्हणाली. "म्हातारा झालाय बिचारा."

"आपण कोण तरणेताठे आहोत," तो म्हणाला आणि त्याचं नाव पुकारल्यावर उठून आत गेला.

देवाला स्मरून हात वर करून त्याने शपथ घेतली. शेजारी दुभाषी बसली, ब्राझीलच्या रिओकडची मुलगी. बेटावरचे उच्चार कानावर पडताच तिने डोळे बारीक केले आणि खुर्ची पुढे ओढली. पेलेटिए बाईंनी थोडक्यात आटोपलं. कळलं असतं तर मुलाला कबुली देऊ दिली असती का? "नाही," एव्हारिस्तो म्हणाला. मग तो सरकारी वकील उठला.

"तुम्ही फुर्तादोंना म्हणाला होता का, की येत्या उन्हाळ्यात आम्ही परत चाललोय?"

"म्हणालो असेन."

"वरचेवर म्हणायचात?"

"दर वर्षी. क्लबात कोणालाही विचारा."

"घरही बांधत होता."

"हो."

"म्हणजे तुमचा परत जायचा विचार होता."

एव्हारिस्तोने कठड्यावर हात ठेवला. लिओनिल्दाने डोळे मिटले. बर्तोचा खांदा तिच्या खांद्याला टेकलेला होता.

"नाही," एव्हारिस्तो म्हणाला.

"त्या उन्हाळ्यात नाही, असं म्हणायचंय का?"

"कुठल्याच नाही."

तो पोर्तुगीजमध्ये बोलत होता. दुभाषी ते इंग्रजीत सांगेपर्यंत कोर्ट वाट बघत होतं. लिओनिल्दाला मात्र कोर्टाच्या आधीच कळत होतं.

"आम्ही आलो ते फेब्रुवारीत," तो म्हणाला. "बर्फ होतं. माझी बायको मोरीशी उभी राहून भांडी घासताना रडायची. नळ सोडून, म्हणजे मला ऐकू जाऊ नये. जेवायची नाही. एक दिवस मी म्हटलं, रडू नकोस, येत्या उन्हाळ्यात परत जाऊ. त्या दिवशी ती जेवली. मग पुढच्या वर्षी पुन्हा म्हटलं."

"आणि घर?"

"घर बांधलं नाही तर ती विश्वास कसा ठेवणार? पण खिडक्या बसवल्या नाहीत मी. भावाला सांगितलं होतं, कोणी विचारलं तर सुताराला शिव्या दे. ज्याला राहायचं असतं तो माणूस खिडक्या बसवतो, साहेब. मला काय होतं तिथे? दगड आणि दुसऱ्याची गुरं. विमानात बसलो तेव्हाच मला कळलं होतं की मी काही परत येत नाही. पोरगा इथे शाळेत जाणार, इथेच मोठा होणार. त्याला मी परत पाठवू दिलं असतं? मी त्याला जामिनावर सोडवला असता, घर विकलं असतं, पण कबूल करू दिलं नसतं."

सरकारी वकिलाने हातातला कागद खाली ठेवला. मग त्याने अगदी हळू विचारलं, "मग नागरिकत्व का नाही घेतलंत? नियम तर तुम्हाला माहीत होता. मुलगाही सुटला असता."

एव्हारिस्तोने प्रथमच मान खाली घातली.

"अर्ज केला असता तर तिला कळलं असतं."

दुभाषीने हे लगेच सांगितलं नाही. तिने एकदा लिओनिल्दाकडे बघितलं, मग सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही तुमच्या पत्नीशी खोटं बोलत होता."

"हो."

"मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"ती तिथे बसलीय म्हणून," एव्हारिस्तो म्हणाला. "दुसरं काही सांगून चाललं असतं, तर तिच्यासमोर हे बोललो असतो का मी?"

लिओनिल्दा ताठ बसून राहिली. तिला लाज वाटत होती, चारचौघांत कोणी अंगावरचा कपडा ओढावा तशी. संतापही येत होता. ते पडदे, ती मापं, अल्झिराला दिलेला नकार, दर डिसेंबरला मनाशी केलेला हिशेब की आता एकच हिवाळा. आणि सगळ्याच्या तळाशी तिचं स्वतःचं ते रडणं. मी रडले नसते तर, तिच्या मनात आलं, आणि पुढचं तिने मनातसुद्धा पुरं केलं नाही.

एव्हारिस्तो चौथऱ्यावरून उतरला आणि कोणाकडेही न बघता सरळ दाराबाहेर निघून गेला.

न्यायाधीशीणबाईंनी फार वेळ घेतला नाही. वकिलाने सल्ला द्यायला हवा होता, तो दिला नाही. सल्ला मिळाला असता तर मुलगा लढला असता का, हा प्रश्न होता. "आत्ताच्या साक्षीदारावर माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "जुना निकाल रद्द."

बर्तोने आईला मिठी मारली. कोटाचा खांदा उसवल्याचा आवाज झाला. पेलेटिए बाई डोळे पुसत, हसत, दोन्ही एकदम करत सांगत होत्या की लाथ खाल्लेला माणूस कधीचा फ्लोरिडाला गेला, खटला पुन्हा कोणी चालवणार नाही, फक्त पुढची तारीख घेऊन येऊ. त्यांनी बर्तोला कारकुनाच्या टेबलाकडे नेलं. लिओनिल्दा बाहेर आली. तिच्यामागे दार आपोआप मिटलं.

एव्हारिस्तो त्याच बाकावर होता.

"झालं," ती म्हणाली. "सुटला."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडला. आवाज न करता, बराच वेळ. ती त्याच्या शेजारी बसली, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण हात उचलेना.

आत दुसरं प्रकरण सुरू झालं असणार. दाराच्या काचेतून न्यायाधीशीणबाईंचे ओठ हलताना दिसत होते. कोणीतरी हातवारे करून मोठ्याने काहीतरी सांगत होतं. बाकावर त्यातलं अक्षर पोचत नव्हतं. भिंतीतल्या हीटरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

लिओनिल्दा काही वेळ ती घरघर ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "फुर्तादो आत बोलत होता ते तुला इथे ऐकू आलं असेल ना?"

एव्हारिस्तोने तोंडावरचे हात काढले. तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"आलं," तो म्हणाला. "सगळं ऐकू आलं."

"म्हणून तसं बोललास."

"म्हणून."

"बर्तोसाठी."

"हो. बर्तोसाठी."

आतला माणूस अजून हातवारे करत होता. लिओनिल्दाने रुमाल काढून त्याच्याकडे सरकवला.

"देवाची शपथ घेऊन खोटं बोललास मग. शनिवारी फादरकडे जाऊन कबुली द्यायला पाहिजे."

"देईन," एव्हारिस्तो म्हणाला.

"मीही येते," ती म्हणाली.